वक्र छपराची कुलकथा

१

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकास त्याचे विद्यार्थी कधीकधी असा एखादा प्रश्न विचारतात, की त्याचे उत्तर शोधता शोधता त्याची वर्षे निघून जातात. आमच्या वाट्यास आलेला असा एक प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल बेळगावहून कार्ल्याच्या लेण्यांस गेली होती. एकवीरेचे दर्शन घेऊन मुले चैत्यगृहात शिरली आणि शिरताच गप्प झाली. त्या विशाल दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे तसेच होते. स्तंभांच्या दोन रांगा, टोकाला स्तूप, त्यावर लाकडी छत्र, आणि डोक्यावर पालथ्या घातलेल्या नावेसारखे वळत गेलेले छत. त्या छताला आतून लाकडाच्या कमानदार फासळ्या लाविलेल्या आहेत. आम्ही सवयीप्रमाणे लांबी, रुंदी, शतक, राजवंश अशी माहिती सांगत होतो. मधेच आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, डोंगर कोरूनच खोली केली, तर मग या लाकडांवर काय तोललंय?"

हा मुलगा सुताराचा होता. लाकूड दिसले की त्याच्यावर कशाचा भार आहे हे आधी पाहावे, ही दृष्टी त्यास घरातूनच मिळालेली. आम्ही उत्तर दिले, "शोभेसाठी लावली आहेत." त्याने मान डोलाविली खरी, परंतु त्याचे समाधान झाले नव्हते हे आम्हांस दिसले. आमचेही झाले नव्हते.

पुढच्याच वर्षी सहल विजापूरला गेली. आता त्या नगरास विजयपूर म्हणतात. गोल घुमटाच्या सज्जात मुले टाळ्या वाजवून प्रतिध्वनी मोजीत असता त्यांच्यात वाद लागला. एकाचे म्हणणे, "असले घुमट बांधणे आपल्या लोकांना ठाऊकच नव्हते, हे बाहेरून आले." दुसऱ्याचे म्हणणे, "सगळे आधी आपल्याकडेच होते, त्यांनी ते घेतले." दोघेही आपापल्या घरी किंवा आमच्याच वर्गात ऐकलेले बोलत होते. आम्ही शिक्षक म्हणून मध्यस्थी करावयास हवी होती. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांस दोन्ही पक्षांचे पुरेसे ज्ञान नव्हते. ते मिळविण्याचा थोडाबहुत प्रयत्न पुढे केला. त्याचे फलित म्हणजे हा लेख.

२

प्रथम छप्पर वक्र का करावे, याचा विचार केला पाहिजे. सरळ तुळई टाकून छप्पर करणे सर्वांत सोपे. पण तुळईवर भार पडला म्हणजे ती मध्यभागी किंचित खाली वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. लाकूड हा ताण पुष्कळ सोसते. दगड मात्र दाब कितीही सोसील, ताण त्यास मुळीच सोसत नाही. म्हणून दगडी तुळईचे अंतर थोडे वाढविले की ती खालून तडकते. आपल्या जुन्या देवळांच्या मंडपांत खांबांची एवढी दाटी का, याचे एक मोठे कारण हेच.

तोच दगड पाचरीच्या आकाराने घडवून कमानीत बसविला म्हणजे प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबतो. ताण जवळपास नाहीसा होतो, उरतो तो दाब. आणि दाब सोसणे हा तर दगडाचा धर्मच. या दाबाबरोबर एक उपद्रव मात्र येतो. कमान आपल्या दोन्ही पायांना बाहेर ढकलीत असते. या रेट्याचा बंदोबस्त करणे, भिंती जाड करणे, त्यांना आधार देणे किंवा वरून वजन ठेवणे, हाच वक्र छपराच्या साऱ्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. कमान लांबविली की तिचे अर्धनळीसारखे छप्पर होते. आपल्या भोवती फिरविली की घुमट होतो. कोणत्याही वक्र छपरापुढे उभे राहिलो असता "येथील रेटा कोठे गेला?" असा प्रश्न विचारावा, म्हणजे ते छप्पर आपण होऊन बोलू लागते.

या शास्त्राचे मर्म इंग्लंडातील रॉबर्ट हुक याने १६७५ साली एका अक्षरकोड्यात लपवून प्रसिद्ध केले. दोन टोके धरून साखळी लोंबती सोडली असता ती जो आकार घेते, तोच आकार उलटा केला की निर्दोष कमान मिळते, हा त्याचा सिद्धांत. साखळीत केवळ ताण असतो, म्हणून तिच्या उलट्या आकारात केवळ दाब असतो. रोम येथील सेंट पीटरच्या घुमटास तडे गेले तेव्हा पोलेनी या इटालियन पंडिताने हीच साखळी टांगून त्या घुमटाची परीक्षा केली आणि आपला वृत्तांत १७४८ साली छापला. वर्गात हा प्रयोग करण्यास एक साखळी आणि दोन खिळे पुरतात. आम्ही तो दरवर्षी करतो.

परंतु मनुष्याने वक्र छप्पर केले ते हे गणित मांडून नव्हे. ओला बांबू वाकतो. त्याची दोन्ही टोके जमिनीत रोविली की कमान होते. अशा कमानी ओळीने उभ्या करून त्यांवर गवत शाकारले की झोपडी होते. पावसाचे पाणी पाठीवरून निथळून जाते, वारा अंगावरून सरकतो आणि आत मधे खांब लागत नाही. वक्र छपराचा मूळ पुरुष शोधू गेल्यास तो या झोपडीत सापडतो.

३

या झोपडीची दगडात उमटलेली फार जुनी प्रतिमा बिहारमधील बराबरच्या टेकड्यांत आहे. तेथील लोमश ऋषी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मौर्यकालीन गुहेच्या दारावर वाकविलेल्या लाकडांचे टोकदार कमानी छप्पर, त्याखालचे वासे, त्यांची बाहेर आलेली टोके, असे सर्व जसेच्या तसे कोरले आहे. पाथरवटापुढे सुताराचे काम नमुना म्हणून होते, यात संशय राहत नाही.

आता सह्याद्रीकडे वळू. भाजे येथील चैत्यगृह ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. तेथील खांब सरळ उभे नाहीत. वरच्या बाजूस ते आत कललेले आहेत. लाकडी सभागृहात असे खांब कलते ठेवावे लागत, कारण वरील वाकविलेल्या वाशांचा रेटा त्यांना बाहेर ढकलीत असे. अखंड खडकात कोरलेल्या दालनात रेटा मुळी नाहीच! तरीही कोरणाऱ्याने खांब कलते ठेविले, कारण त्याने आयुष्यभर तसेच पाहिले होते. छताखाली त्याने खऱ्या लाकडी फासळ्याही बसविल्या. त्यांतील काही आजही जागेवर आहेत.

कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची सुमारे ४५ फूट. तेथे खांब सरळ झाले आहेत. पाथरवटास एवढे कळून चुकले, की येथे कलते खांब नकोत. पण फासळ्या त्याने सोडल्या नाहीत. त्या सागवानाच्या आहेत आणि त्यांवर कशाचाही भार नाही. मग त्या कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर त्याच लेण्यातील एका शिलालेखात आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने जंबुद्वीपात उत्तम असे हे काम पूर्ण केले, असे तो लेख सांगतो. वैजयंती म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजची उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी. आमच्या सीमाभागाच्या वाचकांस हे नाते मोलाचे वाटेल. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्या लेखातील 'सेलघर' हा शब्द. सेलघर म्हणजे शैलगृह, दगडाचे घर. त्या लोकांच्या मनात ही गुहा नव्हती, ते घर होते. आणि ज्यास वासे नाहीत ते घर कसले?

वेरूळला हा इतिहास पुढच्या पायरीवर जातो. तेथील दहाव्या क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे सातव्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या छतालाही फासळ्या आहेत, पण त्या लाकडी नाहीत. खडकातूनच कोरल्या आहेत. अजिंठ्याच्या एकोणीस आणि सव्वीस क्रमांकांच्या चैत्यगृहांत तेच दिसते. लाकूड गेले, त्याचा आकार उरला. वेरूळच्या या लेण्यास लोक 'सुताराची झोपडी' म्हणत आले आहेत. पंडितांनी शतके खर्चून जे सिद्ध केले, ते लोकांनी दोन शब्दांत सांगून ठेविले होते.

४

येथपर्यंत वक्र छत कोरलेले आहे, बांधलेले नाही. कोरणे आणि बांधणे यांत महदंतर आहे. कोरलेल्या छतास पडण्याची भीती नसते. बांधलेल्या छपराचा आपल्या प्रदेशातील दुर्मीळ नमुना पाहावयाचा तर धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी जावे. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपुस्तकात त्याचा बाजारपेठ म्हणून उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे असून त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार आहे आणि वर अर्धनळीसारखे छप्पर आहे. कार्ल्याचे चैत्यगृह डोंगरातून काढून मैदानावर ठेविले असते तर बाहेरून ते कसे दिसले असते, याची कल्पना येथे येते. हे देऊळ आरंभी बौद्ध चैत्य असावे असे काही विद्वानांचे मत आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळही याच कुळातले.

गजपृष्ठाकार छपराचे हे कूळ पुढे दूरवर पसरले. महाबलीपुरम् येथील भीमरथाचे छप्पर लांबट नावेसारखे आहे. दक्षिणेतील गोपुरांच्या माथ्यावर तोच आकार आडवा बसलेला दिसतो. भुवनेश्वरच्या वैताळ देवळावरही तो आहे. ग्वाल्हेरच्या आमच्या बंधूंस तर तो रोजच्या परिचयाचा. तेथील किल्ल्यावर आठव्या-नवव्या शतकांतील 'तेली का मंदिर' उभे आहे. उत्तरेकडील देवळांस निमुळते शिखर असते, पण या देवळाच्या माथ्यावर अर्धनळीचे छप्पर आहे. शिल्पशास्त्रात अशा छपरास वलभी म्हणतात. दक्षिणेची वास्तू उत्तरेत कशी आली, असे कोडे पुष्कळांस पडते. परंतु तेर, कार्ले आणि बराबर ध्यानात ठेविले म्हणजे ते कोडे राहत नाही. हा आकार दक्षिणेचा किंवा उत्तरेचा नसून झोपडीचा आहे, आणि झोपड्या सर्वत्र होत्या.

५

आता मुलांच्या वादाकडे येऊ. "कमान आपल्याकडे नव्हती" हे विधान तपासताना कमान दोन रीतींनी बांधतात, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्या रीतीत दगडांचे किंवा विटांचे थर आडवेच ठेवितात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवितात आणि दोन्ही बाजू माथ्यावर मिळवितात. या रीतीत रेटा फार थोडा. मात्र प्रत्येक थरास मागून वजनाने दाबून धरावे लागते, म्हणून अंतर फारसे वाढविता येत नाही. दुसऱ्या रीतीत पाचरीसारखे दगड लाकडी साच्यावर रचतात आणि शेवटचा दगड माथ्यावर बसला की साचा काढून घेतात. ही खरी कमान. हिच्यात रेटा पुष्कळ, परंतु अंतरही पुष्कळ साधते.

प्राचीन भारतास दुसरी रीत मुळीच ठाऊक नव्हती, हे म्हणणे टिकत नाही. कानपूरनजीक भितरगाव येथे पाचव्या शतकातील विटांचे देऊळ आहे. त्यात खऱ्या कमानी आहेत. परंतु ती रीत आपल्या स्थपतींनी फारशी चालविली नाही, हेही तितकेच खरे. त्यांचा ओढा पहिल्या रीतीकडे राहिला आणि तीत त्यांनी जे साधले ते अपूर्व आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ती बांधविली. तिच्या मंडपाच्या छतात एकात एक लहान होत गेलेली दगडी वर्तुळे आहेत आणि मध्यभागी बहात्तर पाकळ्यांचे कमळ खाली लोंबते आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांची ती संख्या. खाली उभे राहून वर पाहिले असता घुमटच दिसतो. पण तेथे रेटा जवळजवळ नाही, कारण प्रत्येक वर्तुळ आडवे आहे. या छतास घुमट म्हणावे की न म्हणावे, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ते बांधणाऱ्याचे त्यावाचून काही अडले नव्हते.

दोन रीती एकमेकींस भेटल्या त्या क्षणाची साक्ष दिल्लीत आहे. कुतुबमिनाराजवळील मशिदीपुढे ११९९ साली कमानींचा पडदा उभारला गेला. आकार कमानीचा हवा होता. बांधणारे कारागीर येथले होते. त्यांनी कमान उभारली, पण आपल्या रीतीने, आडवे थर पुढे सरकवून! दिल्लीत आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी खरी कमान बल्बनाच्या थडग्यात आहे, असे मानतात. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणजे नवी रीत रुजण्यास सुमारे तीन पिढ्या लागल्या. मालक बदलतो एका दिवसात. कारागिराचा हात तितक्या लवकर बदलत नाही. जिंकण्या-हरण्याच्या भाषेत इतिहास शिकविताना ही गोष्ट आपल्या हातून नेहमी निसटते.

६

दक्षिणेत ही नवी रीत फार मोठ्या आत्मविश्वासाने वापरली गेली. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची. तिच्या लेखात कझवीनच्या रफी याचे नाव आहे. मशिदीस सामान्यतः उघडे अंगण असते, पण येथे सर्व जागा छपराखाली आहे: मुख्य घुमट एक, कोपऱ्यांवर चार, आणि मधल्या जागेवर लहान घुमट पंचाहत्तर. शेजारशेजारच्या घुमटांचे रेटे एकमेकांस अडवितात, म्हणून आतील खांब हलके ठेविता आले. काठावरच्या रेट्यासाठी मात्र भरभक्कम कमानी योजाव्या लागल्या. वर्गात दाटीने उभ्या असलेल्या मुलांनी एकमेकांस रेटून धरावे, तसा हा प्रकार.

आणि मग गोल घुमट. विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशहा याने १६२७ पासून १६५६ पर्यंत राज्य केले. हे त्याचे थडगे. निजामशाही १६३६ साली बुडाल्यावर शहाजीराजे भोसले याच सुलतानाच्या पदरी गेले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. आतील दालन चौरस आहे, प्रत्येक बाजू १३५ फूट ५ इंच. घुमटाचा आतील व्यास १२४ फूट ५ इंच. खाली अठरा हजार चौरस फुटांहून अधिक जागा, आणि मधे एकही खांब नाही.

चौरसावर वर्तुळ बसवावयाचे कसे, हा येथला प्रश्न. स्थपतीने दोन चौरस एकमेकांत तिरपे गुंफल्याप्रमाणे आठ कमानी परस्परांस छेदत नेल्या. त्यामुळे कोपरे भरून येता येता बांधकाम आत आत झुकत गेले आणि शेवटी घुमटास बसावयास गोल ओटा मिळाला. आत झुकलेल्या या भागाचे वजन आतल्या बाजूस ओढते, घुमटाचा रेटा बाहेरच्या बाजूस ढकलतो. दोघे एकमेकांस तोलून धरतात. जेम्स फर्ग्युसन या वास्तुपंडिताने असे स्पष्टीकरण केले. हेन्री कझिन्स याने १९१६ साली विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने आणखी एक मुद्दा मांडला. घुमट विटांचा आहे, आणि विटांमधील चुन्याचे थर इतके जाड आहेत की चुना पक्का झाल्यावर सारा घुमट एकसंध कवच बनला. तळाशी त्याची जाडी सुमारे १० फूट व माथ्याकडे सुमारे ९ फूट. पालथ्या वाटीसारखा तो ओट्यावर बसला आहे. आमच्या अल्पमतीस दोन्ही स्पष्टीकरणे परस्परपूरक वाटतात.

येथे एक चूक दुरुस्त करणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. गोल घुमट हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट, असे सर्रास सांगतात. आतील व्यास पाहता रोमच्या पँथिऑनचा सुमारे १४२ फूट, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा त्याच तोलाचा, आणि सेंट पीटरचा सुमारे १३७ फूट. जुन्या घुमटांतही गोल घुमट या तिघांच्या मागे येतो. विसाव्या शतकातील पोलादी आणि काँक्रिटचे घुमट तर निराळेच राहिले. पण एका घुमटाखाली आणलेली जमीन मोजली, तर पँथिऑनची सुमारे १५,८०० चौरस फूट आणि विजापूरची त्याहून बरीच अधिक; कारण येथे गोलाखाली चौरस आहे. ज्यास खरा मोठेपणा आहे त्यास खोट्या क्रमांकाची गरज नसते.

त्या सज्जातील प्रतिध्वनीही वक्रतेचाच खेळ. आतून गोल भिंत आवाजास विखरू देत नाही. कुजबुज भिंतीच्या कडेने सरकत समोरच्या माणसाच्या कानाशी येते आणि टाळी पुनःपुन्हा परतते. कार्ल्यातही मंत्रघोष असाच घुमत असला पाहिजे. वक्र छपराचा हा उपयोग बांधणाऱ्यांनी योजिला होता की आपोआप लाभला, हे सांगणे कठीण. परंतु ज्याने एकदा तो ऐकिला, तो विसरला नसेल.

७

इकडे विजापूरचे हे काम चालले असता बंगालमध्ये त्या जुन्या झोपडीने पुन्हा डोके वर काढिले. तेथील बांबूच्या घराचे आढे मधे उंच आणि दोन्ही टोकांस खाली वाकलेले असते. वळचणही तशीच वाकते. फार पावसाच्या मुलखात पाणी लवकर निथळावे यासाठी ही योजना. विष्णुपूरच्या मल्ल राजांनी हाच आकार विटांत बांधला. अशा दोन झोपड्या जोडून केलेले तेथील केष्टराय देऊळ १६५५ सालचे आहे. त्याआधीच शाहजहानने हे वाकलेले छप्पर आग्र्याच्या किल्ल्यातील संगमरवरी महालाशेजारी आणि लाहोरच्या नौलखा मंडपावर चढविले होते. शेतकऱ्याच्या घराची वळचण बादशहाच्या मस्तकावर गेली! आपण मराठीत ऐसपैस घरास 'बंगला' म्हणतो, त्या शब्दातही बंगालचे तेच घर लपले आहे.

गोव्यातील देवघेव आणखी निराळी. जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन हे चर्च १६६१ साली पुरे झाले. त्याचा घुमट रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीचा. पुढे अठराव्या शतकात शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ उभे राहिले, तेव्हा त्याच्या गाभाऱ्यावर शिखराऐवजी घुमट आला. मंगेशीलाही तसेच. ज्यांच्या देवता धर्मच्छळामुळे नदीपलीकडे हलवाव्या लागल्या होत्या, त्यांनीच त्या राज्यकर्त्यांच्या वास्तूतील घुमट घेऊन आपल्या देवीवर छत्रासारखा धरिला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आकार आणि अत्याचार यांतील भेद त्या पिढीस आपल्यापेक्षा अधिक कळत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात लोखंडी तुळया आल्या आणि दोन तुळयांमध्ये विटांच्या उथळ कमानी भरून सपाट गच्च्या होऊ लागल्या. अनेक जुन्या शाळा-कचेऱ्यांची छते अशी आहेत. वर पाहिले तर लाटा दिसतात. पुढे लोखंडी सळ्यांचे काँक्रिट आले. त्यास ताणही सोसतो, म्हणून छप्पर विलक्षण पातळ करता आले. फेलिक्स कँडेला याने मेक्सिकोत १९५८ साली बांधलेल्या एका उपाहारगृहाचे पाकळ्यांसारखे छप्पर अवघे चार सेंटिमीटर जाडीचे आहे. जाडीने न येणारे बळ वळणाने येते. अंड्याचे कवच त्याचेच उदाहरण.

८

आता त्या दोन मुलांस काय सांगावे? एकाला सांगावे, की खरी कमान आपल्या लोकांना ठाऊक होती, परंतु तिचा विस्तार ज्यांनी केला ते कारागीर आणि ती रीत पुष्कळ अंशी बाहेरून आली, आणि हे मान्य करण्यात कोणताही अपमान नाही. दुसऱ्याला सांगावे, की जे बाहेरून आले ते येथल्या हातांनी, येथल्या विटांनी आणि येथल्या चुन्यानेच उभे राहिले. आणि दोघांनाही सांगावे, की छपराचे गोत्र विचारू नये, रेटा विचारावा. सीमाभागात वाढणाऱ्या मुलांस तर हे आवर्जून सांगितले पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक दगडास 'तू कोणाचा?' असे विचारण्याची सवय लवकर लागते.

राहिला पहिल्या मुलाचा प्रश्न. कार्ल्याच्या शिलालेखांचे वाचन करीत असता, सहलीनंतर बऱ्याच वर्षांनी, आमच्या दृष्टीस एक लहानसा लेख पडला. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी याने या घराचे मुख केले, असा त्याचा आशय. या सामीपुढे 'वढकी' असा शब्द आहे. संस्कृतात वर्धकी, हिंदीत बढई, आणि आपल्याकडे विदर्भात वाढई, म्हणजे सुतार. त्या महान शैलगृहाच्या दर्शनी भागावर राजाचे आणि श्रेष्ठींचे नाव आहे, तसे एका सुताराचेही आहे, त्याच्या बापाच्या नावासह.

तो मुलगा तोवर शाळा सोडून बापाच्या कारखान्यात बसू लागला होता. आम्ही तेथे गेलो. तो दाराची चौकट जुळवीत होता. आम्ही म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चुकीचे दिले होते. त्या फासळ्यांवर भार काहीच नाही. पण सुताराने बांधलेल्या घराची ती आठवण आहे, आणि त्या लेण्याचे तोंड करणारा सुतारच होता. त्याचे नाव तेथे कोरलेले आहे." त्याने रंधा बाजूला ठेविला, नाव पुन्हा विचारले आणि पेन्सिलीने समोरच्या फळीवर 'सामी' असे लिहून ठेविले. मग म्हणाला, "सर, सांधे बघूनच मला वाटलं होतं, हे काम जाणत्याचं आहे."

शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंती आहे, की सहलीस जाल तेव्हा मुलांस शतके पाठ करावयास लावण्याआधी थोडा वेळ वर पाहू द्यावे; आणि कोणी विचारलेच, की हे कशावर तोलले आहे, तर "शोभेसाठी" असे घाईचे उत्तर देऊ नये.